इनडोअर सॉकरचा गुणतक्ता जानेवारीत वाचावा तरी कसा?

हिवाळी_प्रेक्षक (धागाकर्ता)

अमेरिकेतली मेजर अरिना सॉकर लीग (छताखाली, चारही बाजूंना भिंती असलेल्या मैदानावरचा फुटबॉल; इथे सोयीसाठी 'मासल' म्हणू) साधारण नोव्हेंबरअखेर सुरू होते आणि नियमित हंगाम मार्चच्या शेवटी किंवा एप्रिलच्या सुरुवातीला आटोपतो. प्रत्येक संघाला २४ सामने, १२ घरी आणि १२ बाहेर. अलीकडच्या हंगामांतली गुणपद्धत अशी: नियमित वेळेत विजय ३ गुण, जादा वेळेत किंवा शूटआउटवर विजय २, तसाच पराभव १, साधा पराभव ०.

आता प्रश्न. जानेवारीच्या मध्यावर तक्ता उघडला की एक संघ १३ सामने खेळलेला असतो, दुसरा जेमतेम ८. त्यातला पहिल्या क्रमांकावरचा संघ मार्चमध्ये प्लेऑफच्या काठावर लोंबकळताना दिसतो. मैदानी फुटबॉलमध्ये इतकी उलथापालथ क्वचित होते. मग हा खेळच लहरी, की आपण तक्ता चुकीचा वाचतो?

माझे मत: खेळच लहरी. भिंतीवरून उडणारा चेंडू, गोलीसकट सहा-सहा माणसे, सामन्याला दहा-बारा गोल. नशिबाचा वाटा मोठा असणारच. जाणकारांनी खोडून काढावे.

मिसळ_बिनपावाची

घाईत 'मासळी' वाचले आणि बाजारभाव विचारायला आत आलो. आलोच आहे तर बसतो.

आकडेमोड्या

हिवाळी, नेमके उलटे आहे. गोल जितके जास्त, तितका नशिबाचा वाटा कमी.

हिशोब करून बघा. दोन संघ घ्या, पहिला दुसऱ्याच्या दीडपट गोल करणारा. मैदानी फुटबॉलमध्ये सरासरी १.५ विरुद्ध १ धरा. साध्या पॉयसाँ गणिताने (सरासरीवरून शक्यता काढायचे सूत्र) पहिला संघ सुमारे ४९ टक्के वेळा जिंकतो, २६ टक्के बरोबरी, २५ टक्के हार. आता तीच दीडपट इनडोअरला लावा, ६ विरुद्ध ४. विजय सुमारे ६८ टक्क्यांवर जातो, हार २१च्या आसपास येते आणि उरलेले सामने जादा वेळेत जातात. म्हणजे चांगला संघ इथे जास्त नेमाने जिंकायला हवा. तरी तक्ता डुलतो, याचा अर्थ कारण चेंडूच्या उडण्यात नाही, दुसरीकडे कुठेतरी आहे.

गच्चीवरचा_पंच

भिंतीवरून चेंडू खेळायचा, छताखाली. आमच्याकडे याला पिनबॉल म्हणतात. फुटबॉल म्हणू नका बुवा.

रिंकमास्तर

आकडेमोड्या, कारण हॉलच्या कॅलेंडरमध्ये आहे.

मासलचे बरेच संघ आइस हॉकीच्या हॉलमध्ये भाडेकरू म्हणून खेळतात. टॅकोमा स्टार्स केंट इथल्या हॉलमध्ये, तिथेच ज्युनियर हॉकीचा सिअ‍ॅटल थंडरबर्ड्स. कॅन्सस सिटी कॉमेट्स इंडिपेन्डन्समध्ये, तिथेही हॉकी. उटिका सिटी एफसीचा हॉल अमेरिकन हॉकी लीगच्या संघाचा. त्या लीगमध्ये हंगामात ७२ सामने, म्हणजे ३६ तारखा घरच्या, आणि त्यातल्या बहुतेक शुक्रवार, शनिवार, रविवार. डिसेंबर ते मार्चअखेर सतरा-अठरा आठवडे धरा. हॉकी आधी तारखा उचलते, मग संगीताचे कार्यक्रम, सर्कस, ट्रकांचे खेळ, कुठे कॉलेजचे बास्केटबॉल. उरलेल्या फटीत सॉकरचे १२ सामने बसवायचे.

परिणाम असा की एखाद्या संघाला डिसेंबर-जानेवारीत हॉल मोकळा मिळाला तर तो पहिल्या १२ पैकी ८ सामने घरी खेळतो. तक्त्यात वर जातो. फेब्रुवारी-मार्चमध्ये बाहेरच्या ८ सामन्यांचे बिल येते, तेही जोडीजोडीने: शुक्रवारी रात्री एका गावात, रविवारी दुपारी तीनशे-चारशे किलोमीटरवर दुसऱ्या गावात. विमानाचा खर्च एकदाच व्हावा म्हणून लीगच असे जोडसामने लावते.

म्हणून जानेवारीचा तक्ता म्हणजे अर्धवट वाटलेले पत्ते.

हिवाळी_प्रेक्षक

हे नव्हते डोक्यात. पण घर-बाहेर फरक मैदानी फुटबॉललाही असतो. इथे तो इतका का मोठा?

रिंकमास्तर

कारण मैदान दर वेळी नव्याने अंथरले जाते आणि प्रत्येक हॉलचे वेगळे असते. सविस्तर लिहितो, लांबेल.

रिंक, म्हणजे हॉकीचे बर्फाचे मैदान, २०० फूट बाय ८५ फूट. बर्फ सव्वा इंचाच्या आसपास जाड, पृष्ठभाग उणे ४-५ अंश सेल्सिअस. तो काढत नाहीत. त्यावर उष्णतारोधक पाट्या अंथरतात. ४ बाय ८ फुटांची पाटी धरली तर १७,००० चौरस फुटांना ५३० च्या आसपास पाट्या लागतात, गोल कोपऱ्यांमुळे थोड्या कमी, कोपऱ्याचे तुकडे वेगळे कापलेले. पाट्या विटांसारख्या सांधे चुकवून लावायच्या. सरळ रेषेत सांधे आले की वर टर्फ कितीही ताणा, रेघ उमटते आणि चेंडू तिथे उडतो.

मग टर्फ. गुंडाळीची रुंदी साधारण १५ फूट. आडवे टाकले तर ८५ फुटांचे १४ पट्टे, उभे टाकले तर २०० फुटांचे ६. आडव्यात सांधे जास्त पण गुंडाळी हलकी, उभ्यात सांधे कमी पण गुंडाळी हलवायला फोर्कलिफ्टशिवाय गत्यंतर नाही. सांधे चिकटपट्टीने जोडतात, कपड्याला लावतो त्या वेल्क्रोसारख्या, फक्त हातभर रुंद. हे टर्फ गुंडाळायचे असल्याने त्यात रबराचे दाणे भरत नाहीत. लव आखूड आणि दाट, खाली फोमचा थर. घसरलात की कातडी सोलून निघते ती यामुळे.

पंधरा-वीस माणसे असली तर सगळे मिळून तीन-चार तास. शुक्रवारी रात्री दहाला हॉकी संपली की काम सुरू, पहाटेपर्यंत मैदान उभे. रविवारी पुन्हा हॉकी असेल तर शनिवारचा सामना संपताच उलटा खेळ.

काय बिघडते ते आता:

एक, दव. पाट्यांचा वरचा भाग थंड राहतो. हॉलमध्ये तीन-चार हजार माणसे श्वास घेत बसली, बाहेर पाऊस आणि कोणी माल उतरवायचे दार उघडे टाकले, की दवबिंदू वर जातो आणि टर्फच्या खालच्या बाजूला पाणी धरते. पहिल्या क्वार्टरमध्ये ठीक, तिसऱ्यापर्यंत सांधे निसटतात. उपाय म्हणजे आर्द्रता आधीपासून खाली ठेवणे, दार बंद आणि टर्फ शक्य तितके उशिरा टाकणे.

दोन, कोपरे. रिंकच्या कोपऱ्याची त्रिज्या २८ फूट. चारही कोपऱ्यांचे तुकडे क्रमांक घातलेले असतात. दोन आणि तीन नंबरची अदलाबदल झाली की बोर्डापाशी, म्हणजे रिंकभोवतीच्या ठेंगण्या भिंतीपाशी, दोन बोटांची फट पडते. चेंडू तिथे मरतो. घरच्या बचावपटूला ती फट माहीत असते, पाहुण्याला नाही.

तीन, गोल. हॉकीचा गोल मैदानात आत असतो, मागून खेळता येते. सॉकरचा गोल मागच्या भिंतीतच बसवतात, त्यासाठी शेवटचे बोर्ड काढून १४ फूट रुंद, ८ फूट उंच खिडकी असलेली चौकट लावतात. ती चौकट आणि शेजारचे बोर्ड एका पातळीत नसले, अर्धा इंच जरी पुढेमागे, तरी मागच्या भिंतीवरून येणारा चेंडू वाकडा येतो. आणि या खेळातले कितीतरी गोल त्याच भिंतीवरून येतात.

तिसरी_रेघ

रिंकमास्तर, जियो. वाखूसा (वाचनखूण साठवली).

शेवटच्या मुद्द्यात भर. गोलच्या दोन्ही बाजूंची भिंत हा हल्ल्यातला सहावा खेळाडू समजा. निष्णात फॉरवर्ड मुद्दाम पोस्टच्या दोन-तीन फूट बाहेर मारतो. गोली त्या बाजूला झेपावतो, चेंडू भिंतीवरून परत गोलसमोर येतो आणि तिथे उभ्या असलेल्या टार्गेट खेळाडूला फक्त पाय लावायचा असतो. पाहुण्या संघाने सकाळच्या सरावात पहिली गोष्ट करायची ती ही: दोन्ही टोकांच्या भिंतींवर दहा-दहा चेंडू मारून परतीचा कोन आणि वेग बघायचा. बोर्डाच्या वरच्या काचेवर लागलेला चेंडू आणि बोर्डावर लागलेला चेंडू वेगळा परततो. काच जास्त जिवंत.

जोडसामन्यातल्या दुसऱ्या सामन्यात संघ नेमका हा सराव टाळतो, कारण सकाळी प्रवास असतो. आकडेमोड्या, तुमच्या तक्त्यातला फरक इथे शोधा.

पेडे_म्हापसा

आपल्याकडे २०१६ साली प्रीमियर फुटसल झाले तेव्हा भिंती नव्हत्या. त्यात काही फरक आहे की नियम तेच?

शिट्टी_फुंक्या

पेडे, तो वेगळाच खेळ. फुटसलला भिंत नाही, रेषा आहेत, बाहेर गेला की किक-इन. आंतरराष्ट्रीय मैदान ३८ ते ४२ मीटर लांब, गोल ३ बाय २ मीटर, चेंडू चार नंबरचा आणि मुद्दाम मंद: दोन मीटरवरून सोडला तर पहिली उसळी ५० ते ६५ सेंटिमीटर. गोलीसकट पाच खेळाडू. २०-२० मिनिटांचे दोन भाग, घड्याळ थांबवून. सहाव्या संघफाउलपासून खेळाडूंची भिंत न लावता दहा मीटरवरून थेट किक.

अरिना सॉकरला गोलीसकट सहा, १५ मिनिटांची चार क्वार्टर, चेंडू पाच नंबरचा, उसळणारा. गोलाचे क्षेत्रफळच बघा: फुटसल ६ चौरस मीटर, अरिना जवळपास साडेदहा. मैदानी फुटबॉलच्या गोलाच्या ५८ टक्के.

पेडे_म्हापसा

धन्यवाद शिट्टी. प्रीमियर फुटसलचा पहिला हंगाम अख्खा दहा दिवसांत उरकला होता, १५ ते २४ जुलै. चेन्नई आणि गोवा, सहा संघ. रोनाल्डिन्हो गोवा फाइव्हज्‌कडून आला, बेंगळुरूविरुद्ध ७-२ मध्ये एकट्याने पाच मारले आणि दोन सामन्यांनंतर रिओला गेला. त्याच्या जागी काफू. रायन गिग्जच्या मुंबई फाइव्हज्‌ने अंतिम सामन्यात कोचीला पेनल्टीवर हरवले. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाची मान्यता नव्हती. २०१७ ला दुसरा हंगाम झाला, तिसरा नाहीच.

दहा दिवसांच्या हंगामात घर-बाहेर प्रश्नच येत नाही, सगळेच पाहुणे.

मिसळ_बिनपावाची

मुंबई जिंकली होती?! आणि मिरवणूक नाही, फ्लेक्स नाही. छ्या.

घाटावरचा

अवांतर: पुण्यात गल्लोगल्ली जाळीबंद टर्फ झाले आहेत. तिथे भिंती लावून अरिना सॉकर खेळता येईल का?

रिंकमास्तर

जाळीवर नाही. जाळी चेंडूचा वेग खाते, तो परत येत नाही, खाली पडतो. बोर्ड हवेत: साडेतीन फुटांच्या आसपास उंच, मागे दर चार-आठ फुटांवर आधार, खाली जमिनीत नीट रोवलेले. प्लाय नुसता उभा केला तर पहिल्या धक्क्यात कलतो, आणि कललेल्या बोर्डावरून चेंडू वर उडतो. शिवाय कोपरे गोल हवेत. काटकोनी कोपऱ्यात चेंडू अडकतो आणि दोन माणसे दोन मिनिटे एकमेकांच्या नडग्या फोडतात. आणि ते टर्फ रबराचे दाणे भरलेले असते, भिंतीच्या कडेला दाण्यांचा ढीग साठतो. रोज झाडावे लागेल.

घाटावरचा

म्हणजे बॉक्स क्रिकेटच बरे.

आकडेमोड्या

मूळ मुद्द्याकडे येतो. रिंकमास्तरांचे पटले, तर तक्ता असा वाचायचा:

समजा 'अ' संघ १२ सामन्यांत २४ गुण. 'ब' संघ ९ सामन्यांत १६. तक्त्यात अ वर. प्रतिसामना अ २.०, ब १.७८, तरी अ वर. आता फोड करा. अ घरी ९ सामने २१ गुण (सरासरी २.३३), बाहेर ३ सामने ३ गुण (१.०). ब घरी ३ सामने ७ गुण (२.३३), बाहेर ६ सामने ९ गुण (१.५). हीच सरासरी पुढे चालली तर अ चे उरलेले: घरी ३, बाहेर ९, म्हणजे ७ + ९ = १६, एकूण ४०. ब चे उरलेले: घरी ९, बाहेर ६, म्हणजे २१ + ९ = ३०, एकूण ४६. जानेवारीत आठ गुणांनी मागे असलेला संघ सहा गुणांनी पुढे संपतो, आणि कोणाचाही फॉर्म बदललेला नाही.

अर्थात ३ सामन्यांच्या सरासरीवर घर बांधू नये. पण दिशा कळते.

गच्चीवरचा_पंच

घर-बाहेर, घर-बाहेर. अहो, संघ चांगला असेल तर कुठेही जिंकेल. सॅन डिएगो सॉकर्सने सलग ४८ सामने जिंकले होते ना? तेव्हा काय ४८ घरीच खेळले?

जुनी_वही

पंच, मुद्दा रास्त आहे. तो विक्रम २०११ ते २०१३ मधला, प्रोफेशनल अरिना सॉकर लीगमधला. तीच लीग २०१४ ला मासल झाली. पण बाकी संघांपेक्षा ते बरेच उजवे होते. तोडीस तोड संघ असले की कॅलेंडर बोलायला लागते.

जुना इतिहास बघा. मेजर इनडोअर सॉकर लीगचा पहिला हंगाम १९७८-७९. २२ डिसेंबर १९७८ ला लाँग आयलंडच्या नॅसॉ कोलिझियममध्ये पहिला सामना, न्यू यॉर्क अ‍ॅरोज विरुद्ध सिनसिनाटी किड्स. सहा संघ, प्रत्येकी २४ सामने, म्हणजे आजच्याइतकेच. नियमित हंगामात सर्वोत्तम ह्यूस्टन समिट. पण अंतिम फेरीत ह्यूस्टन नव्हताच. फिलाडेल्फिया फीव्हरला सलग दोन सामन्यांत हरवून अ‍ॅरोज विजेते. त्यांचा स्टीव्ह झुंगुल, मूळचा युगोस्लाव्हियाचा, हायदुक स्प्लिटचा, त्या हंगामात फक्त १८ सामने खेळून ४३ गोल. १९८०-८१ मध्ये त्यानेच ४० सामन्यांत १०८ गोल केले. अ‍ॅरोजने पहिली चारही विजेतेपदे घेतली.

तेव्हा गोल १२ फूट बाय साडेसहा फूट होता, म्हणजे ७८ चौरस फूट. आताचा ११२. झुंगुलचे आकडे वाचताना हे ध्यानात ठेवा.

तिसरी_रेघ

आणि चेंडू लाल!

जुनी_वही

हो. टीव्हीवर दिसावा म्हणून.

दुसरे उदाहरण १९८६-८७. ११ संघ, ५२ सामने. त्यातला न्यू यॉर्क एक्स्प्रेस ३ विजय, २३ पराभव अशा अवस्थेत फेब्रुवारीत बंद पडला. मध्येच संघ गेला की काय होते बघा: उरलेल्या दहा संघांच्या वेळापत्रकात भोके पडतात, हॉलच्या तारखा आधीच दिलेल्या, नव्या मिळत नाहीत, मग आठवड्याच्या मधल्या दिवशी सामने घुसवावे लागतात. त्या वर्षीचा विजेता डॅलस साइडकिक्स गुणतक्त्यात अव्वल नव्हता. टॅकोमा स्टार्सविरुद्धच्या अंतिम मालिकेत ते १-३ मागे होते. सातवा सामना टॅकोमात, २१,७२८ प्रेक्षक. जादा वेळेत मार्क कार्पनचा गोल, ४-३. टॅकोमाकडे तेव्हा झुंगुल आणि प्रेकी हे दोघेही गाजलेले खेळाडू होते.

मिसळ_बिनपावाची

गोल केला की अंगातला सदरा काढून प्रेक्षकांत फेकणारा तो डॅलसचाच ना?

जुनी_वही

तातू. ब्राझीलचा. त्याच संघातला. किट सांभाळणाऱ्याचे काय होत असेल!

गच्चीवरचा_पंच

ठीक, मैदान आणि कॅलेंडर मान्य. पण मला अजून एक सांगा. निळे कार्ड म्हणजे नक्की काय? टीव्हीवर बघताना अचानक एक जण पेटीत जाऊन बसतो.

शिट्टी_फुंक्या

निळे कार्ड म्हणजे दोन मिनिटे बाहेर. बोर्डावर ढकलणे, पाय घालून पाडणे, गोलजवळ मुद्दाम हात, मैदानात एक माणूस जास्त. संघ एकाने कमी खेळतो. त्या दोन मिनिटांत समोरच्याने गोल केला तर बाहेरचा लगेच परत. गोलीला निळे मिळाले तर त्याच्या वतीने दुसरा बसतो.

कबड्डीतले कळत असेल तर उलटे समजा. कबड्डीत आपण गुण घेतला की आपला बाद खेळाडू उठतो. इथे आपण गोल खाल्ला की आपला बसलेला उठतो.

गच्चीवरचा_पंच

हे आवडले. पहिल्यांदा काहीतरी डोक्यात शिरले.

तिसरी_रेघ

आणि हंगामाचा दुसरा कणा हाच. पॉवर प्लेची, म्हणजे समोरचे एकाने कमी असतानाच्या हल्ल्याची रचना साधारण अशी: दोन माणसे मागे, दोन बाजूंना बोर्डाला चिकटून, एक गोलीच्या नाकासमोर. बचाव करणारे चौघे चौकोन करतात. चौकोन फुटतो कधी? बाजूचा माणूस कोपऱ्यात चेंडू नेतो आणि जवळचा बचावपटू मोहाने त्याच्यामागे जातो तेव्हा. शिकवलेले संघ कोपरा सोडून देतात. तिथून गोलकडे कोनच नसतो, भिंतीचा परतावा तेवढा बघायचा.

सामन्याला तीन निळी घेणारा संघ हंगामात ७२ वेळा, म्हणजे १४४ मिनिटे एकाने कमी खेळतो. ६० मिनिटांच्या सामन्यांत मोजले तर जवळपास अडीच सामने. पॉवर प्लेची टक्केवारी सगळे बघतात, निळी किती खाल्ली ते कोणी बघत नाही.

आकडेमोड्या

+१. आणि जोडसामन्याच्या दुसऱ्या दिवशी निळी वाढायला हवीत. पाय उशिरा पोचतो, मग तो पाडतो.

तिसरी_रेघ

फळ्यांमुळे, म्हणजे एकत्र आत-बाहेर होणाऱ्या खेळाडूंच्या गटांमुळे. ताजे असताना एक फळी साठ ते नव्वद सेकंद खेळून बदलते, चालू खेळात. दमलेल्या संघाची बदली लांबते, माणूस बाकाकडे चालत येतो. त्याच वेळी समोरच्याने चेंडू उलट्या बाजूला फिरवला की पाच विरुद्ध तीन. आणि धावत आत शिरणारा लवकर शिरला की जास्त माणूस, पुन्हा निळे. बाक ज्या बाजूला आहे त्या बाजूने चेंडू असताना कधीच बदली करू नये, हा पहिला धडा.

घाटावरचा

दोन गोल मागे असले की गोली काढून घेतात तो प्रकार काय? फार धोक्याचा वाटतो.

तिसरी_रेघ

सहावा हल्लेखोर. गोलीच्या जागी वेगळ्या रंगाचा सदरा घालून मैदानी खेळाडू येतो. साधारण शेवटच्या तीन-चार मिनिटांत करतात. मला विचाराल तर उशीर करतात. दोन गोल मागे असताना साखळी सामन्यात २ ने हरलात काय, ४ ने हरलात काय, गुण शून्यच. मग सहा मिनिटे असतानाच काढावा.

शिट्टी_फुंक्या

रेघ, गोलफरक विसरलात. गुण बरोबर झाले की मार्चमध्ये तो गोलफरक शोधत फिरावे लागते. शिवाय सहा मिनिटे सहावा हल्लेखोर ठेवायचा तर पासिंगमध्ये एकही चूक चालत नाही. बचाव करणारा संघ चेंडू मिळाला की थेट रिकाम्या गोलात मारतो. त्याला अडवणारा एकच नियम, तुमच्याच नावाचा: तीन रेषा हवेतून ओलांडल्या आणि वाटेत कोणाला, बोर्डाला वा जमिनीला लागला नाही तर फ्री किक समोरच्याला. म्हणून हुशार बचावपटू उंच मारत नाही, जमिनीवरून किंवा बोर्डावर घासून मारतो.

तिसरी_रेघ

गोलफरकाचे मान्य. तीन गोल मागे असताना मात्र सहा मिनिटे, यावर मी ठाम.

पेडे_म्हापसा

फुटसलमध्येही हेच, तिथे 'फ्लाइंग गोली'. पण मैदान लहान असल्याने चूक झाली की परत पळायला दोन सेकंदही नाहीत.

रिंकमास्तर

एक छोटे राहिले. चेंडूतली हवा. सामन्याचे चेंडू ऑफिसात २२ अंशांवर ०.८ बार भरले आणि मग रिंकच्या कडेला आठेक अंशांत ठेवले, तर आत ०.७१ च्या आसपास उरते. पहिली दहा मिनिटे चेंडू मेल्यासारखा वाटतो. हवा हॉलमध्येच, सामन्याच्या अर्धा तास आधी मोजायची. हे न करणारे हॉल आहेत, आणि त्यांचे घरचे खेळाडू त्याच चेंडूने आठवडाभर सराव करून बसलेले असतात.

मिसळ_बिनपावाची

घरचा फायदा म्हणजे फाटलेला कोपरा, वाकडी भिंत आणि कमी हवेचा चेंडू. वाडेकरी क्रिकेट हेच तर आहे. आंब्याच्या मुळावर टप्पा टाका.

हिवाळी_प्रेक्षक

सर्वांचे आभार. माझे 'खेळ लहरी' हे मत मागे घेतो. आता वहीत चार रकाने आखतो: घरची सरासरी, बाहेरची सरासरी, उरलेले बाहेरचे जोडसामने, आणि सामन्यामागे खाल्लेली निळी कार्डे. प्लेऑफलाही हेच लागू पडेल?

जुनी_वही

प्लेऑफमध्ये जरा वेगळे. काही हंगामांत दोन सामन्यांची मालिका १-१ झाली की दुसरा सामना संपताच त्याच मैदानावर १५ मिनिटांचा छोटा सामना खेळवून निकाल लावला आहे. तिथे मात्र फळ्या किती खोल आहेत एवढेच बघा. तिसरी फळी कधी न खेळवलेला संघ ७५ व्या मिनिटाला चालतो.

आकडेमोड्या

आणि १५ मिनिटांत दीड विरुद्ध एक गोल. म्हणजे माझ्या पहिल्या प्रतिसादातले मैदानी फुटबॉलचे गणित. हिवाळी, तुमचे लहरीपण तेवढ्या पंधरा मिनिटांत खरे आहे.

हिवाळी_प्रेक्षक

चला, काहीतरी उरले!

मिसळ_बिनपावाची

मग तक्ता उघडण्याआधी हॉलच्या संकेतस्थळावर सर्कस कधी आहे ते बघायचे?

रिंकमास्तर

बघायचेच. आणि सर्कस आहे की बर्फावरचा नाच, तेही बघायचे. नाच असेल तर बर्फ तसाच राहतो, सॉकरला फक्त तारखा जातात. सर्कशीसाठी कधी बर्फच काढतात, मग तो पुन्हा पातळ थरांनी धरायला एक-दोन दिवस लागतात, हॉकीचे सामने पुढे सरकतात आणि धक्का सॉकरच्या शनिवारला बसतो.